शिक्का शेवटी बघा

तारांच्या मिनाकामाची (क्लॉइझने) जुनी फुलदाणी हातात आली की बहुतेक जण आधी ती उलटी करतात आणि बुडाखालचा शिक्का शोधतात. तो शेवटी बघावा. मिंग घराण्याचा सम्राट जिंगताय यानं चीनवर १४४९ ते १४५७ एवढीच वर्षं राज्य केलं, पण त्याच्या नावाचे शिक्के पुढे कित्येक शतकं नव्या भांड्यांवर उमटत राहिले. अशा भांड्यावर एकसारखा गुलाबी मिना, म्हणजे काच वितळवून चढवलेला रंग, दिसला, तर शिक्का खोटा. सोन्यापासून केलेला तो गुलाबी रंग चीनमध्ये आला अठराव्या शतकात. मिंग कारागीर लाल आणि पांढरी पूड मिसळायचे. भिंगातून ते कण वेगवेगळे दिसतात.

आता ही वीतभर उंचीची फुलदाणी. गर्द निळी, अंगावर विस्टेरिया या वेलीच्या फुलांचे घोस आणि दोन चिमण्या.

तारांकडे जवळून बघा. तांब्याच्या भांड्यावर धातूच्या बारीक पट्ट्या उभ्या बसवून नक्षीची घरं पाडतात, त्यांत काचेची रंगीत पूड भरतात, भट्टीत वितळवतात. मिना खाली बसला की पुन्हा भरायचा, पुन्हा भाजायचा, आणि शेवटी घासून गुळगुळीत करायचा. जुन्या चिनी कामात मोकळी जागा सहसा सापडत नाही, सगळीकडे वेलींच्या नाहीतर ढगांच्या वळ्या. त्या निव्वळ शोभेच्या नव्हेत, मिन्याला धरून ठेवायला तारा लागायच्या. त्यांवर सोन्याचा मुलामा असायचा.

इथे निळा रंग तारेविना सलग पसरलाय, आणि तारा चांदीच्या आहेत. म्हणजे जपान. नागोयाजवळच्या काजी त्सुनेकिची या कारागिरानं १८३३च्या सुमारास परदेशातून आलेली एक वस्तू फोडून हे तंत्र उलगडलं, असं सांगतात. तरी असा चकचकीत, सलग मिना साधला तो जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वागेनर यांनी १८७०च्या दशकात नवे मिने आणल्यानंतरच.

बुडाखाली शिक्का नाही. अमेरिकेत १८९१पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून बिनशिक्क्याची वस्तू त्याआधीची, असा हिशेब विक्रेते मांडतात. तो मला पटत नाही. युरोपला जाणाऱ्या मालाला तो कायदा लागूच नव्हता. जपानी सम्राट मेइजीच्या काळाचा (१८६८–१९१२) उत्तरार्ध, एवढंच म्हणता येतं.

क्योटोचा नामवंत मिनाकार नामिकावा यासुयुकी याचं नाव तर जोडूच नये. त्याच्या तारा कुठे जाड, कुठे केसासारख्या बारीक होत जातात. इथे सगळ्या एकाच जाडीच्या आहेत. काम बहुधा नागोयाच्या परिसरातल्या एखाद्या कारखान्यातलं.