बाविसाव्या नंबरचा रिसीव्हर

(पडद्यावर: एका घराचं तळघर. आरामखुर्ची, मागे टीव्हीचे पडदे.)

23 एप्रिल 2020 ची रात्र. आपल्याकडे एव्हाना 24 तारखेची पहाट झाली होती. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, जिथे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्या वर्षी लास वेगासमध्ये धूमधडाक्यात व्हायचा होता. कोरोनाने सगळ्यांना घरी बसवलं. कमिशनर रॉजर गुडेल स्वतःच्या तळघरात बसून एकेक नाव वाचत होते आणि कॉलेजची पोरं घरच्यांबरोबर बसून फोनची वाट बघत होती.

पहिल्या फेरीत सहा वाइड रिसीव्हर गेले. रिसीव्हरचं काम सांगायला सोपं आहे. समोरच्या बचावपटूला चकवायचं, मोकळं व्हायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा. या सहांमध्ये पाचव्या क्रमांकाला गेलेला मुलगा म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे एलएसयूचा, जस्टिन जेफरसन. एकूण यादीत नंबर 22, संघ मिनेसोटा व्हायकिंग्ज. त्याच्याआधी चार जण कसे निघून गेले, या प्रश्नाने मला कित्येक रात्री जुन्या सामन्यांसमोर बसवलं आहे.

(पडद्यावर: इंडियानापोलिसचं बंदिस्त मैदान, धावायला वाकलेला खेळाडू.)

सुरुवात घड्याळापासून करू. फेब्रुवारीत इंडियानापोलिसला सगळ्या उमेदवारांची चाचणी होते, तिला कंबाइन म्हणतात. तिथे 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळायचं. अलाबामा विद्यापीठाचा हेन्री रग्ज पळाला 4.27 सेकंदांत. जेफरसन 4.43. फरक सेकंदाच्या सोळा शतांशांचा. जमिनीवर मोजाल तर दीड मीटरच्या आसपास. दीड मीटर कमी नाही, तेवढ्यात टचडाउन होतो, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार जातो आणि गुण मिळतात. पण ही धाव सरळ रेषेत असते, अंगात चड्डी-बनियन, आणि समोर अडवायला कुणी नसतं. लास वेगास रेडर्सनी रग्जला बाराव्या नंबरवर घेतलं, सगळ्या रिसीव्हरांत पहिला. दीड वर्षाने त्याने दारू पिऊन बेफाम गाडी चालवली, त्यात एका तरुणीचा जीव गेला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. ते दुःख कुठल्याही ड्राफ्टच्या हिशेबात मांडण्यासारखं नाही, म्हणून त्याच्याबद्दल इथेच थांबतो.

अलाबामाचाच जेरी ज्यूडी पंधराव्या नंबरवर डेन्व्हरला गेला. 2018 मध्ये त्याने कॉलेजच्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार मिळवला होता. पळता पळता पाय असे वळवायचा की बचावपटू जागच्या जागी गिरकी घ्यायचा. खो-खोत पळणारा झुकांडी देतो ना, अगदी तसं. ओक्लाहोमाचा सीडी लॅम्ब सतराव्या नंबरवर डॅलसला गेला. तो पुढे खरोखरच थोर निघाला, 2023 मध्ये त्याने 135 झेल घेतले. तेव्हा चुकीचं बोट प्रत्येक नावावर ठेवता येत नाही.

आता जेफरसनचे आकडे ऐका. 2019 च्या हंगामात 111 झेल, त्या झेलांवर 1540 यार्डांची मजल, 18 टचडाउन. डिसेंबरमध्ये अटलांटाला पीच बोल हा कॉलेजचा मोठा सामना झाला, त्यात ओक्लाहोमाविरुद्ध सामन्याच्या पहिल्या अर्ध्यातच त्याने चार टचडाउन केले. एवढं असूनही शंका होती, आणि ती अगदीच वेडगळ नव्हती. ती नीट समजून घ्यायला हवी.

(पडद्यावर: वरून दिसणारं मैदान. कडेला एक खेळाडू, आतल्या बाजूला दुसरा.)

कडेला उभा आहे तो बाहेरचा रिसीव्हर. त्याच्या एका बाजूला सीमारेषा आणि समोर हातभर अंतरावर त्याला अडवणारा बचावपटू, कॉर्नरबॅक. चेंडू हलला की कॉर्नरबॅक दोन्ही हात त्याच्या छातीवर ठोकतो आणि त्याला जागेवरच गाडायला बघतो. याला प्रेस म्हणतात. आतल्या बाजूला, जरा मागे उभा आहे तो स्लॉट रिसीव्हर. त्याला दोन्हीकडे वाट मोकळी, आणि बचावपटू बऱ्याचदा चार पावलं लांब. 2019 मध्ये जेफरसन जवळजवळ सगळा हंगाम स्लॉटमध्ये खेळला. शिवाय चेंडू फेकायला जो बरो, त्या हंगामात 60 टचडाउन पास देणारा, आणि बाजूला जमार चेस. मग पारखी म्हणाले, हा मुलगा मोकळ्या जागेत फुललाय, याला कडेला उभं केलं तर?

पण तो स्लॉटमध्ये का गेला, हे बघा. एलएसयूने त्या वर्षी खेळाची पद्धतच बदलली. तीन-तीन रिसीव्हर एका वेळी मैदानात, आणि कडेच्या जागा चेस आणि टेरेस मार्शलकडे गेल्या. जेफरसनला आत सरकवलं ते संघाच्या सोयीसाठी. त्याच्या आदल्या वर्षी, 2018 मध्ये, तो कडेलाच खेळत होता. 54 झेल, 875 यार्ड. आकडा साधा दिसतो, कारण तेव्हा संघच फारसे पास फेकत नव्हता. पण ते सामने बघितले की उत्तर तिथे पडलेलं दिसतं. माझ्या मते सगळी गफलत इथे झाली. मुलाला कुठे उभा केला होता, यावरून त्याला कुठे उभं राहता येईल हे ठरवलं गेलं.

(पडद्यावर: संथ गतीत रिसीव्हरचे पाय.)

त्याची चाल जवळून बघा. पहिली तीन पावलं लांब, जणू सरळच जायचंय. मग खांदे बाहेरच्या बाजूला झुकतात. कॉर्नरबॅकची कंबर त्या दिशेला फिरली, की याचं पाऊल आत पडतं. तोवर वेग अजिबात कमी होत नाही. हूल खांद्यांनी द्यायची आणि पाय राखून ठेवायचे. हे कुठल्याच घड्याळात मोजलं जात नाही.

एकविसाव्या नंबरवर फिलाडेल्फिया ईगल्स होते आणि त्यांना वेग हवा होता. जेफरसन हाताशी असताना त्यांनी टीसीयू विद्यापीठाचा रिसीव्हर जेलन रेगर निवडला. गंमत बघा, कंबाइनमध्ये रेगर 4.47 पळाला होता, जेफरसनपेक्षा हळू. बाविसाव्या नंबरवर व्हायकिंग्जनी क्षणभरही दवडला नाही. दोन वर्षांनी, 2022 च्या ऑगस्टमध्ये, ईगल्सनी रेगरला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, तेही व्हायकिंग्जनाच.

जेफरसन पहिल्या दोन सामन्यांत राखीवच होता. तिसऱ्यात, टेनेसीविरुद्ध, सुरुवातीपासून उतरला आणि 7 झेलांत 175 यार्ड काढले. पहिल्या हंगामात 1400 यार्ड. 2022 मध्ये 128 झेल, 1809 यार्ड.

(पडद्यावर: बफेलोचं मैदान, नोव्हेंबर.)

तो बाविसावा नंबर मुळात बफेलो बिल्सचा होता. व्हायकिंग्जचा रिसीव्हर स्टेफॉन डिग्जला घेण्यासाठी त्यांनी तो व्हायकिंग्जना दिला होता, आणि डिग्जनेही तिथे सोनं केलं. 13 नोव्हेंबर 2022 ला हे दोन संघ बफेलोत भिडले. व्हायकिंग्ज 27-23 ने मागे, दोनेक मिनिटं उरलेली, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, आणि चेंडू आपल्याकडे राखायला 18 यार्ड पुढे जायला हवं होतं. चेंडू उंच आला. जेफरसन मागे झुकत उडाला, एक हात वर गेला. बचावपटूचे हातही चेंडूवर पोचले होते. दोघं एकत्र खाली कोसळले, आणि पाठ जमिनीला टेकली तेव्हा चेंडू जेफरसनच्या मुठीत होता. 32 यार्ड.