शेवटच्या लॅपला टिकणारं इंजिन

(ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये तरुण मेकॅनिक आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. तुमचे प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर माझ्याकडे आले आहेत. कोणाकडे जुनी झेन आहे, कोणाकडे एस्टीम, कोणाकडे पहिल्या पिढीची स्विफ्ट. विचारणं मात्र सगळ्यांचं एकच: सर, रेससाठी यात कुठलं इंजिन बसवू?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बोलणार आहे ते सर्किटवरच्या रेसबद्दल. पाम बीच रोडवर किंवा घोडबंदर रोडवर रात्री गाड्या पळवणं म्हणजे रेसिंग नव्हे. तिथे रस्ता ओलांडणारा माणूस मरतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे तो गुन्हा आहे. इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर आणायची तर कलम 52 आडवं येतं. बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. म्हणून रेसची गाडी फक्त रेसची ठेवा. ती ट्रेलरवर चढून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला जाईल, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकला.

आता इंजिन. तुमच्या बहुतेक चिठ्ठ्यांमध्ये बीएचपीचा, म्हणजे ताकदीचा आकडा आहे. तो आकडा डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, काही सेकंदांत मिळतो. रेस मात्र पंधरा-वीस मिनिटं चालते आणि त्यातला बराच वेळ ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असतो. त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्या फेरीला, हे इंजिन जेवढी ताकद देतं, तेवढीच ते शेवटच्या लॅपला देईल का? माझी सगळी निवड या एका प्रश्नावर ठरते.

उदाहरण झेनचं घेऊ. तिचं मूळ 993 सीसीचं इंजिन सुझुकीच्या जी कुटुंबातलं. त्याच कुटुंबात एस्टीमचं आणि पहिल्या स्विफ्टचं 1298 सीसीचं इंजिन येतं, आणि जुन्या बलेनोचं 1590 सीसीचंही. साहजिकच सगळ्यांची नजर या 1590 सीसीच्या, म्हणजे 1.6 लिटरच्या इंजिनावर जाते. सीसी जास्त, टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्त, वळणातून बाहेर पडताना पिकअप छान. हे सगळं खरं आहे. पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली किती अंतर जातो ते बघा. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास. 1.3 चा बोअर 74 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75.5. 1.6 चा बोअर 75, म्हणजे जवळजवळ तेवढाच, पण स्ट्रोक थेट 90. सीसी वाढली ती जवळपास सगळी स्ट्रोकमधून.

याचा अर्थ काय होतो? 7000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 7000 फेऱ्यांना, 1.3 चा पिस्टन सरासरी सेकंदाला 17.6 मीटर वेगाने वरखाली करतो. त्याच आरपीएमला 1.6 चा पिस्टन 21 मीटरने. उलट मांडायचं तर 1.3 चा पिस्टन 7000 ला जो सरासरी वेग गाठतो, साधारण तोच 1.6 चा पिस्टन 5900 च्या आसपासच गाठतो. वरच्या आरपीएमला कनेक्टिंग रॉड, रॉडचे बोल्ट, बेअरिंग यांना हा फरक सोसावा लागतो. शिवाय ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. 110 न्यूटन-मीटर टॉर्क 6000 ला टिकवला तर सुमारे 94 पीएस (जवळपास तेवढेच बीएचपी) होतात. म्हणजे लहान इंजिनही वरच्या आरपीएमला श्वास घेत राहिलं तर हलक्या गाडीला पुरेसं बळ देतं. ज्याला मूळ रॉडवर, कमी खर्चात पूर्ण सीझन काढायचाय त्याला मी 1.3 सांगेन. 1.6 घ्यायचं असेल तर आरपीएमची मर्यादा खाली ठेवून, त्याला साजेसे गिअर लावून घ्या.

होंडा सिटीच्या 1.5 व्हीटेकबद्दलही विचारलंय. 106 पीएसचं फार सुंदर इंजिन आहे ते. पण होंडाची त्या काळातली डी मालिका उलट दिशेने फिरते. त्यामुळे मारुतीचा गिअरबॉक्स त्याला जोडायचा विचारच सोडा. होंडाचा गिअरबॉक्स, फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार), वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं सोबत येणार. आणि चाकांना ताकद नेणारा ॲक्सल करताना आतला जॉइंट होंडाचा, बाहेरचा मारुतीचा आणि मधला शाफ्ट लेथवर बनवलेला. असा ॲक्सल सीझनच्या मध्यात तुटला तर दुसरा कुठून आणणार? वागळे इस्टेटमध्ये उत्तम टर्नर आहेत, शाफ्ट ते बनवतील. तोच शाफ्ट शनिवारी संध्याकाळी कोइम्बतूरला लागला तर?

स्पेअर पार्टचा हा मुद्दा मी पोटतिडकीने सांगतो. आपल्या देशात करिवर्धन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुती या एका सीटच्या रेस गाड्या बांधल्या, त्या मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनावर. तीन सिलिंडरचं साधं इंजिन, पण गावोगावी त्याचे पार्ट मिळायचे आणि मिस्त्रीला ते पाठ होतं. त्या गाड्यांतून नारायण कार्तिकेयनसारखा ड्रायव्हर पुढे आला, जो 2005 मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. मोठं इंजिन बसवून गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीतून कोणी ड्रायव्हर होत नाही.

डिझेलबद्दल थोडक्यात. 1.3 मल्टिजेट या डिझेल इंजिनाचा 190 न्यूटन-मीटर टॉर्क बघून मोह होतो. पण ब्लॉक बिडाचा, वर टर्बो आणि इंटरकूलर, आणि हे सगळं वजन पुढच्या चाकांवर. पुढची चाकं ओढणारी लहान गाडी आधीच नाकात जड असते. तिथे आणखी वजन टाकलं की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ निघते आणि पुढचे टायर काही लॅपमध्ये संपतात. मी बसवणार नाही.

आता जिथे इंजिनं खरोखर मरतात तिथे येऊ: ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. लांब उजव्या वळणावर गाडी 0.9 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ दशांश जोराच्या आसपास बाजूला खेचली जाते. तेवढ्या जोराला चेंबरमधलं ऑइल जवळजवळ 42 अंशांत तिरकं होतं, हातातलं ताट कललं की आमटी एका कडेला जाते तसं. सगळं ऑइल डाव्या भिंतीवर चढतं, पंपाची ऑइल ओढणारी जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. वळण तीन सेकंदांचं असेल तर 7000 ला क्रँक तेवढ्यात 350 फेऱ्या मारतो, त्यातल्या कित्येक बिनाऑइलच्या. प्रेशरचा काटा क्षणभर पडतो आणि सरळ रस्त्यावर परत वर येतो. ड्रायव्हरचं लक्ष वळणावर असतं, त्याला तो दिसत नाही. दोन-चार लॅपनंतर बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगचा, ठोका ऐकू येतो, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून इंजिन बसवायच्या आधीच चेंबर उघडा, जाळीभोवती पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून घ्या, त्यांना आतल्या बाजूलाच उघडणारी झडपी दारं लावा. आणि डॅशबोर्डवर काट्यावर विसंबू नका, डोळ्यांत भरेल असा मोठा लाल दिवा लावा.

रेडिएटरचंही तसंच. ढोबळमानाने जेवढी ताकद क्रँकला मिळते, जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमध्ये जाते. झेनचा मूळ रेडिएटर एक लिटरच्या इंजिनासाठी आहे. चेन्नईच्या दुपारी तो पुरणार नाही. मोठा रेडिएटर बसवायला जागा उरते का, हे इंजिन विकत घेण्याआधी टेपने मोजा.

कुर्ल्याला जुन्या गाडीतून काढलेलं इंजिन बघायला जाल तेव्हा विक्रेता स्टार्ट करून दाखवेल. आवाजावर जाऊ नका. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय आहे का बघा, असेल तर पाणी मिसळलंय. प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने मोजून घ्या. एखादा कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा वाढला तर रिंग गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे संशय. हेड उघडायला मिळालं तर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खाली फट आहे का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. एकदा तापून वाकलेलं ॲल्युमिनियमचं हेड रेसमध्ये पुन्हा त्रास देतं.

ज्या क्लासमध्ये (रेसच्या गटात) उतरणार त्याचं नियमपुस्तक मात्र या सगळ्याच्या आधी वाचा. सीसीची मर्यादा, किमान वजन, कुठला पार्ट मूळचाच ठेवायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, गाडी बाद झाली तर इंजिन कितीही चांगलं असून उपयोग नाही. बजेटमधले पैसे आधी रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा पाइपचा पिंजरा), सीट, बेल्ट आणि ब्रेककडे जाऊ द्या, मग टायर, आणि उरतील त्यात इंजिन बसवा. या क्रमाने चाललात तर बहुतेकांच्या हातात 1.3 च राहील, आणि मला त्याचा आनंद होईल.

पहिल्या टेस्टला गेलात की पाच लॅपनंतर गाडी आत घ्या. ऑइल आणि कूलंटची पातळी बघा, फाउंडेशनचे बोल्ट परत आवळा. मग ऑइल फिल्टर काढून कापा, आतला कागद पसरून उन्हात धरा. तांबूस किंवा चंदेरी कण चमकले तर त्या दिवशी परत ट्रॅकवर जाऊ नका, चेंबर उतरवा आणि बेअरिंग बघा.