एका विमानाची कंपनी

नमस्कार श्रोतेहो. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि पनवेल-खारघरच्या खानदेशी मंडळींनी विचारलं, आमच्या गावाला छोटं विमान कधी? ते एकदा येऊन गेलंय. 23 डिसेंबर 2017 ला एअर डेक्कननं 19 आसनी बीचक्राफ्ट 1900डी घेऊन मुंबई-जळगाव सुरू केलं. ती सेवा रडतखडतच चालली. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, कंपनीनं कामकाज थांबवलं.

प्रवासी मिळाले नाहीत की अशा एकाच छोट्या विमानावर चालणाऱ्या कंपन्या बुडतात, असं म्हणतात. हे अर्धंच खरं. चार्टरमध्ये, म्हणजे अख्खं विमान भाड्यानं दिलं की, रिकामं परत येण्याचं भाडंही गिऱ्हाईक देतं. वेळापत्रक लावलं की रिकामी आसनं कंपनीच्या माथी. 19 आसनांपर्यंत हवाई सुंदरी लागत नाही, पण वैमानिक दोन लागतातच. त्यांचा पगार 19 तिकिटांतून काढायचा. एटीआर-72 या मोठ्या विमानात तोच सत्तरेक तिकिटांवर वाटला जातो. छोट्या शहरांना जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेचं अनुदान मिळतं, पण फेरी झाली तरच.

आणि फेरी चुकते कशानं? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, हुकला की छोटं विमान मागे पडतं. तिकडे छोट्या विमानतळावर उपकरणांवर उतरायची सोय नसेल तर 5 किलोमीटर दृश्यमानता हवी. पावसाळ्यात ती कुठली?

आता इंजिन बघा. या विमानांत बहुधा पीटी6 टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिन, असतं. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मिठाचा थर बसतो, ताकद घटते, तापमान चढतं. म्हणून इग्निशन बंद ठेवून नुसत्या स्टार्टरनं इंजिन फिरवायचं आणि आत क्षारमुक्त पाणी सोडायचं. सलग 30 सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर चालवायचा नाही. तो थंड होऊ द्यायचा, मग पुन्हा. शेवटी इंजिन सुरू करून वाळवायचं. पहाटेच्या घाईत हे टाळलं की पात्यांना गंज लागतो.

सेसना कॅरॅव्हॅन या अशाच छोट्या विमानाच्या इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, 3600 तासांना येतं. रोज 6 तास उड्डाण धरलं तर 600 दिवसांत. त्यासाठी दर तासामागे रक्कम बाजूला टाकायची असते, पण पगार थकले की पहिला हात त्याच पैशांवर पडतो. मग इंजिन वर्कशॉपमध्ये अडकतं, दुसरं विमान नसतं, आणि आधी विकलेल्या तिकिटांचे पैसे परत करायची वेळ येते.