तोंडाच्या जागी फोन

(मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागे ताटं मांडल्याचा आवाज येतोय, म्हणजे खरी सातच. 'सण आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. पण गेले काही दिवस डोक्यात एकच वाक्य घोळतंय, आमच्या सात वर्षांच्या धाकटीचं, तेव्हा त्याच्याविषयीच बोलतो.

ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही इथल्या, लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलला, म्हणजे कॅरिबियन लोकांच्या रस्त्यावरच्या उत्सवाला गेलो होतो. रविवार मुद्दाम निवडला, कारण तो लहान मुलांचा, कुटुंबांचा दिवस. सोमवारी गर्दी जास्त. एवढी अक्कल माझी. बाकी सगळी बायकोची होती आणि मी ती मोडीत काढली. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

निघण्याआधी घरात खडाजंगी. तिचं म्हणणं, पोरीच्या हातावर फोन नंबर लिहू, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घालू, चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवू. मी म्हटलं, "अगं, आम्ही पुण्यात गणपतीची मिरवणूक बघायला अलका चौकात पहाटे चारपर्यंत उभी राहिलेली माणसं. आम्हाला गर्दी शिकवतेस?" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू बाबांच्या खांद्यावर होतास. उभे ते होते."

मंडळी, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

हेडफोनचं तेच. व्हिडिओ कॉलवर आमची आई म्हणाली, कापसाचे बोळे घाला. मीही मान डोलावली, आपण सगळे त्याच बोळ्यांवर वाढलो. पण कापसाने आवाज फारसा अडत नाही. 85 डेसिबल आवाजात आठ तास काढले तर कान सांभाळले जातात असं मानतात, आणि पुढच्या दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. हा हिशोब मोठ्या माणसाच्या कानाचा. कार्निव्हलच्या साउंड सिस्टिमच्या भिंतीसमोर उभं राहिलं की गाणं छातीत वाजतं, कानापर्यंत नंतर येतं. तिथे पोरांना घेऊन थांबायचं नसतं, लांबून पुढे निघायचं.

वेस्टबोर्न ग्रोव्हवर आम्ही कडेला जागा धरली. समोरून हिरव्या पिसांचे पंख लावलेला जथा आला. एकेक पंख दारापेक्षा रुंद. मी फोन वर केला. ती चित्रफीत अजून पुसलेली नाही. एक मिनिट चाळीस सेकंदांपर्यंत खालच्या कोपऱ्यात धाकटीची वेणी दिसते, लाल रबरबँडची. मग दिसत नाही. आणि मी पुढे आणखी वीस सेकंद पंखच टिपतोय.

फोन लागेना. एवढ्या माणसांच्या खिशात एवढे फोन, नेटवर्क कसलं? मी जथ्याबरोबरच्या गाण्याच्या ट्रकच्या बाजूला धावलो. ट्रकभोवती दोरखंड धरून स्वयंसेवक चालत असतात, त्या दोराच्या आत पोराने कधीच जायचं नाही, कारण वरच्या ड्रायव्हरला चाकाजवळचं मूल दिसत नाही. हे मी घरी वाचलं होतं. तेव्हा फक्त चाकं दिसत होती.

आणि बरोबर तीन वाजता सगळं थांबलं. दरवर्षी, याच भागातल्या ग्रेनफेल टॉवर या राहत्या इमारतीच्या आगीत गेलेल्या 72 जणांसाठी 72 सेकंद संगीत बंद होतं. तो रस्ता, तो कल्लोळ, आणि एकदम पाखरांचा आवाज. मी हाक मारली असती तर चार गल्ल्यांपलीकडे ऐकू गेली असती. मी मारली नाही. मृतांचा मान म्हणून की लोक बघतील म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बायकोने तिच्यापुरतं ठरवलंय.

पोरगी सापडली ती अकराव्या मिनिटाला. म्हणजे खरं सांगायचं तर ती केव्हाच सापडली होती, शिल्लक मी होतो. आईने शिकवल्याप्रमाणे ती पिवळं जाकीट पाहून एका स्वयंसेविकेकडे गेली. हातावरचा नंबर (हो, बायकोने गुपचूप लिहिलाच होता) सनक्रीमने पुसला होता, मधले तीन आकडे गायब. यंदा शिकलो: लिहिल्यावर त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवायची, नाहीतर बुटात चिठ्ठी. बाबांचं नाव काय, तर 'बाबा'. पण भेटायची जागा तिला पाठ होती, कोपऱ्यावरच्या लाल दाराच्या पायऱ्या. आई तिथे आधीच उभी. मग स्वयंसेविकेने विचारलं, बाबा दिसतात कसे? म्हणजे शोधायला बरं.

धाकटी म्हणाली, "त्याच्या तोंडाच्या जागी फोन आहे."

बाई हसत हसत मला हे सांगत होत्या. ओळखलंही त्यांनी त्यावरूनच म्हणे.

आता थोडं तुम्हाला. मी जातोय कळल्यावर आपल्या ग्रुपवर अकरा संदेश आले: तिकडे कशाला, चाकू चालतात, ती आपली माणसं नव्हेत. अकरापैकी एकही कधी गेलेला नाही. 1958 मध्ये याच भागात कॅरिबियन लोकांवर हल्ले झाले, त्यानंतर 1959 च्या जानेवारीत क्लॉडिया जोन्स या बाईंनी सेंट पँक्रसच्या सभागृहात पहिला कॅरिबियन कार्निव्हल भरवला. रस्त्यावर तो 1966 मध्ये आला. परक्या गावात आपलं काही वाजवायला जागा हवी, हे दुःख आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. आपलं ढोलपथक वाजतं तेव्हा शेजारची गोरी आजी खिडकी लावून घेते, ते आपण किती दिवस मनात ठेवतो!

आणि ढोलपथकाचा विषय निघालाच आहे तर, गेल्या वर्षी आपल्या मिरवणुकीत ढोल आणि भिंत यांच्यामध्ये तीन बाबागाड्या मी मोजल्या. एकाही बाळाच्या कानावर काही नाही. गाडीमुळे मागची वाट अडते ते वेगळंच. गर्दीत उभं राहताना पाठीला भिंत नको, बाजूला गल्ली हवी. दोन्ही बाजूंनी अंगं लागायला लागली, हात वर घेता येईना, की मिरवणूक कितीही छान असो, तिरकं तिरकं चालत कडेला निघायचं. लोंढ्याच्या उलट जाऊ नये. आणि परतीला जवळचं स्टेशन गृहीत धरू नये. लॅडब्रोक ग्रोव्ह तर त्या दिवसांत बंदच असतं, आम्ही दमलेलं पोर पाठीवर घेऊन पाऊण तास चाललो. खांदे माझे होते, एवढं नोंदवून घ्या.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. त्या बाईंनी धाकटीला आधी विचारलं होतं, "इथे ओळखीचं कुणी दिसतंय का?" ती नाही म्हणाली. बरोबरच आहे. अलका चौकात मी हरवलो असतो तर तिसऱ्या माणसाने माझा कान धरून विचारलं असतं, कुलकर्ण्यांचा ना रे तू? मी आजवर समजत होतो की आम्हाला गर्दी कळायची. गर्दीला आम्ही कळायचो.

आज या हॉलमध्ये दोनशे माणसं आहेत. धाकटी मघापासून खुर्च्यांमधून पळतेय, निळा परकर, लाल रबरबँड. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. आता मला इथून दिसत नाही. तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, ती कोणाची?