रोटरीवर उडणारं, घरी बांधलेलं विमान: आधी हवा, मग पंप

नमस्कार मंडळी! आज माझदाच्या आरएक्स-७ गाडीतलं १३बी इंजिन, आणि विमानात ते थंड कसं ठेवायचं. हे रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो. असे दोन रोटर, १३०८ सीसी. अमेरिकेत स्वतः विमान बांधणारे हौशी लोक हे इंजिन आरव्ही, कोझी अशा विमानांत बसवतात. इंजिन दणकट आहे, पण गरम झालेलं त्याला अजिबात खपत नाही.

कारण सांगतो. रोटरीत ज्वलन कायम हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या आवरणाच्या, एकाच बाजूला होतं, त्यामुळे ती बाजू सतत भाजत राहते. हाउसिंग अॅल्युमिनियमचं, त्याला लागून असलेल्या प्लेटा बिडाच्या. दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात आणि मध्ये बिचारं रबरी वॉटर सील. एकदा ओव्हरहीट झालं की ते गेलंच म्हणून समजा.

आता थोडं गणित, घाबरू नका. १६० हॉर्सपॉवर काढताना कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात, ढोबळमानाने ८० किलोवॅट उष्णता जाते असं धरू. तेलातली वेगळी, कारण रोटर आतून तेलावरच थंड होतो.

[इलेक्ट्रिक पंप हातात]

या पंपावर लिहिलंय, मिनिटाला ११५ लिटर. हा आकडा मोकळ्या नळीचा. इंजिन आणि रेडिएटर जोडले की यातलं निम्मं मिळतंय असं समजू. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असेल तर कूलंट इंजिनातून जाताना सुमारे २३ अंश तापेल. पंप बदलून प्रवाह दुप्पट केला तर साडेअकरा. रेडिएटरमधलं कूलंट जितकं गरम, तितकी जास्त उष्णता हवेत जाते. पण इथे त्याचं सरासरी तापमान वाढलं किती? जेमतेम सहा अंश! एवढ्यासाठी लोक महागडे पंप घेतात.

इलेक्ट्रिक की पट्ट्यावरचा? अल्टरनेटर गेला तर इलेक्ट्रिक पंप बंद पडेल, ही भीती अर्धीच खरी. या इंजिनाचं इग्निशन आणि इंजेक्शनही विजेवरच चालतं. प्रश्न बॅटरी किती मिनिटं पुरेल एवढाच. तरी जागा असेल तर मी मूळचा पट्ट्यावरचा पंपच ठेवेन. आणि थर्मोस्टॅट काढून टाकणार असाल तर त्याच्याखालचं बायपासचं भोक आठवणीने बुजवा. नाहीतर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं, आणि तुम्ही पंपाला शिव्या घालत बसता.

खरी गोम हवेत आहे. ८० किलोवॅट घेऊन हवा ४० अंश तापायची, तर सेकंदाला दोन किलो हवा लागते, म्हणजे जवळपास १८०० लिटर. ९० नॉटला चढताना कागदावर २० बाय २० सेंटीमीटरचं हवा आत घेणारं तोंड पुरतं. मग रेडिएटर का तापतो? कारण त्या वेगाला हवेचा दाब फक्त १२ सेंटीमीटर पाण्याइतका असतो. हवेने कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्या-पत्र्यांचा गाभा, ओलांडायचा तो एवढ्याच जोरावर.

[पारदर्शक नळी, रंगीत पाणी]

ही यू आकाराची नळी. एक टोक कोअरच्या पुढे, दुसरं मागे. चढताना पाण्यात चार सेंटीमीटरचाच फरक दिसला, तर बाकीचा दाब डक्टमध्ये (हवा आणणाऱ्या वाटेत) वाया जातोय किंवा काउलिंगमधून (इंजिनावरच्या झाकणातून) हवा नीट बाहेर पडत नाहीये. नवा रेडिएटर घेऊन हे सुटणार नाही. तोंडामागे हळूहळू रुंदावणारा डिफ्यूजर हवा, कडा फोमने सीलबंद हव्यात आणि बाहेर पडायची वाट मोकळी हवी. असा डक्ट असेल तर जाड, लहान तोंडाचा कोअर उत्तम चालतो. म्हणूनच जनरल मोटर्सच्या गाड्यांतले एसीचे इव्हॅपोरेटर इथे रेडिएटर म्हणून वापरले गेले. पंखा मागे असलेल्या कोझीत जमिनीवर रेडिएटरला प्रॉपेलरचा झोत मिळत नाही. टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेणं, लांबलं की तापमानाचा काटा चढतो, हे आधीच गृहीत धरा.

शेवटचं, प्रेशर कॅप, म्हणजे कूलंट दाबाखाली ठेवणारं झाकण. १५ पीएसआयच्या कॅपमुळे समुद्रसपाटीला साधं पाणी १२१ अंशांना उकळतं. १०,००० फुटांवर तीच कॅप ११६ च देते. आणि कूलंटला तापमानासोबत प्रेशरचा सेन्सरही लावा. गळती होऊन तापमानाचा सेन्सर उघडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही तो शहाण्यासारखा नॉर्मल आकडा दाखवू शकतो. प्रेशर मात्र आधीच पडलेलं असतं. त्याला लाल दिवा जोडा, थेट डोळ्यासमोर.

तेलाच्या कूलरचं पुढच्या भागात बघू.