मामांची वही आणि शेंगाचटणीची बरणी

श्रोतेहो, नमस्कार. आज जरा जेवणाचा हिशेब करू. दिवसाला आपल्याला किती कॅलरी लागतात, हे घरच्या घरी काढता येतं. कागद-पेन घ्या, सावकाश सांगतो.

वजन किलोत, त्याची दहापट. उंची सेंटिमीटरमध्ये, तिची सव्वासहापट. दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट काढून टाका. पुरुषांनी वर 5 मिळवायचे, बायकांनी 161 वजा करायचे. परत सांगतो: वजन दहापट, उंची सव्वासहापट, वय पाचपट वजा. हे 1990 सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र. येणारा आकडा म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीर जाळतं तेवढं. बैठं काम असेल तर त्याला 1.2 नं गुणा, मध्यम कष्टाचं असेल तर 1.55 नं.

आमचे मामा सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते, आता चादरीच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. वय 58, वजन 80, उंची 165. आकडा आला 1546. गल्ल्याला 1.2 लावलं, 1855 झाले. वजन उतरवायचं म्हणून मामांनी चारशे कमी केले आणि वही घातली. भाकरी, आमटी, मेथीची भाजी, बिनसाखरेचा चहा, सगळं वहीत. दोन महिने! काटा 80 वरून हलेना. मामांना काट्याचाच संशय. शेजारच्या किराणावाल्याच्या पोत्याच्या काट्यावर चढून आले, तिथंही 80.

एका रविवारी वही घेऊन माझ्याकडं तक्रार चालली होती. मामी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "सगळं लिहायलेत ना? मग चटणीची बरणी कोण संपवायलंय?"

"चटणी काय जेवण असतंय का? ती तोंडी लावायला!"

मी म्हटलं, मामा, वाढून दाखवा. दोन चमचे शेंगाचटणी, मधे बोटानं खळगा, त्यात तेलाची धार. (चटणी उखळात कुटलेली, बरं का. मिक्सरमधून काढलेल्या भुशाला मी चटणी म्हणत नाही. कुटताना शेंगदाण्याला तेल सुटलं पाहिजे, नाहीतर सोलापूरचं नाव घेऊ नये.) वजन केलं. चटणी 20 ग्रॅम, म्हणजे एकशे दहाच्या आसपास कॅलरी. तेल 10 ग्रॅम. एका ग्रॅमला 9, म्हणजे 90. एका जेवणाला दोनशे, दोन जेवणांना चारशे. वाचवलेले चारशे खळग्यात!

तेव्हा लक्षात ठेवा, तोंडी लावायचंही मोजायचं. तोंडी लावायचंही मोजायचं. ज्वारी सोडून ओट्स आणणाऱ्यांच्या घरीसुद्धा तेलाची बुधली असतेच की.

सूत्र अंदाज देतं. दोन-तीन आठवडे काटा बघा आणि आकडा वर-खाली करा. साधारण 7700 कॅलरींची तूट पडली की एक किलो चरबी उतरते, म्हणून घाई नको. मधुमेहाची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मामांची चटणी आता एक चमचा. पुढच्या दोन महिन्यांत दोन किलो उतरले. वहीत आता पहिली ओळ चटणीचीच असते. तेलाची ओळ मात्र मामींच्या अक्षरात आहे.