गाडी वर जाते, अंधार खाली येतो : घरच्या लिफ्टला दिवे कसे लावावेत

नमस्कार. घरच्या गॅरेजमधील, गाडी उचलून खालून काम करू देणारी लिफ्ट दाखवल्यापासून आपण सर्वाधिक विचारलेला प्रश्न 'लिफ्ट कितीला पडली' हा असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तो 'सर, दिवे किती वॉटचे लावले' असा निघाला, आणि तो प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला असल्यामुळे आज हा स्वतंत्र व्हिडिओ करावा लागत आहे.

पायाभूत बाबी एका दमात सांगून टाकतो. दोन खांबांच्या लिफ्टचे अँकर बोल्ट काँक्रीटमध्येच बसवायचे असतात, शहाबादी फरशीत नव्हे. काँक्रीटची जाडी आणि ग्रेड पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी आणि ओतल्यानंतर २८ दिवस थांबावे. आमच्या सांगलीतील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती उकरून काढून मुरूम दाबून भरल्याखेरीज त्यावर काँक्रीट ओतू नये. गाडी वर गेली की किंचित खाली सोडून दोन्ही खांबांच्या लॉकवर टेकवावी. केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर तिच्याखाली उभे राहू नये. छत कमी उंचीचे असेल, तर गाडीचा टप छताला लागण्यापूर्वी मोटर बंद करणारा लिमिट स्विच बसवून घ्यावा. हे झाले.

आता दिव्यांकडे वळू. लिफ्ट जमिनीवर असते तेव्हा छतावरील ट्यूब पुरेशा वाटतात, पण गाडी डोक्याच्या वर गेली की तीच आपले छत होते, आणि वरच्या ट्यूब कितीही प्रखर असल्या तरी उजेड टपावर पडतो व काम असते ते पोटाखाली. वॉट वाढवल्याने फक्त टपावरची धूळ अधिक स्पष्ट दिसते. माझ्या ट्यूब म्हणूनच बाजूच्या दोन भिंतींवर, कमरेपासून वर, उभ्या लावलेल्या आहेत. त्यांचा उजेड आडवा येतो आणि गाडीच्या खालून आत शिरतो. दिव्यांच्या रंगाविषयीही एक अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी मी स्वस्तातल्या निळसर ट्यूब लावल्या होत्या. त्या उजेडात मला पॉवर स्टिअरिंगचे लाल तेल इंजिन ऑइलसारखे काळपट दिसले आणि एक रविवार मी इंजिनचे चांगले सील उचकटण्यात घालवला. तेव्हापासून खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा त्याहून अधिक लिहिलेले दिवेच मी घेतो.

भिंतीवरचे दिवे स्थिर असतात, त्यामुळे त्यांची वायर पाइपातून नेली की विषय संपतो. खरी अडचण कॅरेजवर, म्हणजे खांबावरून वर-खाली सरकणाऱ्या भागावर, दिवा लावताना येते. तेथे २३० व्होल्टची वायर नेऊ नका. मी नेली होती. साधी दोन तारांची वायर चिकटपट्टीने कॅरेजला बांधली आणि स्वतःवर खूश झालो. आषाढात एके दिवशी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडू लागली, तेव्हा मला आधी तिचाच राग आला. वायरमनने वायर बोटांमधून सरकवत नेली आणि एका जागी थांबून मला दाखवली : आवरण सोलवटून तिळाएवढे तांबे उघडे पडले होते, आणि ते नेमके खांबाच्या कडेला टेकत होते.

यावर एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की त्यांची अशीच वायर दोन वर्षे चालू आहे आणि काहीही झालेले नाही. महोदय, वायर वर्षे मोजत नाही, फेऱ्या मोजते. शिवाय खांब, गाडीला खालून उचलणारे आर्म, गाडीचा सांगाडा आणि आपल्या हातातील पान्हा हे सगळे एकमेकांना टेकलेले धातू आहेत, आणि पावसाळ्यात पायाखालची जमीन ओली असते. म्हणजे एका जागी आवरण फाटले की सगळी लिफ्टच जिवंत होऊ शकते. अर्थिंग आणि आरसीसीबी हव्यातच, मात्र त्यांच्यावर विसंबून वायर कशीही टाकण्याची मुभा मिळत नाही. म्हणून कॅरेजवर २४ व्होल्टची एलईडी पट्टी लावावी आणि तिचा पॉवर सप्लाय भिंतीवर पक्का ठेवावा. बारा व्होल्टही चालतात, पण तेवढ्याच वॉटला प्रवाह दुप्पट लागतो आणि लांब वायरीत पट्टी मंद पडते.

व्होल्टेज कमी केले तरी वायरीचा झोल उरतोच, आणि बहुतेक जण तेथेच फसतात. लांबी मोजताना लिफ्ट पूर्ण वर न्यावी लागते. परंतु ती खाली आल्यावर उरलेला झोल कोठे पडतो हे कोणी पाहत नाही, आणि तो बरोबर आर्मखाली पडून चेपला जातो. स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली केबल किंवा प्लॅस्टिकची ड्रॅग चेन (केबल आत धरून तिच्यासह वाकणारी साखळी) वापरा, आणि वीज जोडण्यापूर्वी रिकामी लिफ्ट दहा वेळा वर-खाली करून, दुसऱ्या कोणाला तरी केवळ त्या केबलवर नजर ठेवायला सांगा. माझ्याकडे हे काम आईने केले आणि सातव्या फेरीला तिनेच 'थांब, अडकली' म्हणून ओरडून सांगितले.

भिंतीवरील ही तपकिरी रेघ कसली, असेही अनेकांनी विचारले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी येथवर आले होते आणि रंगकाम करताना ती मी मुद्दाम ठेवली आहे. स्विचबोर्ड, पॉवर सप्लाय आणि वायरींचे सगळे जोड तिच्या वर आहेत. खालच्या ट्यूब गेल्या तर गेल्या.

आणि एवढे ऐकूनही ज्यांना वॉटच हवे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो : भिंतींवर २० वॉटच्या चार ट्यूब आणि दोन्ही कॅरेजवर दोन-दोन फुटांच्या, प्रत्येकी सुमारे ९ वॉटच्या पट्ट्या. सगळे मिळून ९८ वॉट होतात.